गर्दीचा अंदाज आणि मुलांची सहल

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लेख लिहावयाचा म्हणजे लसीकरण, ताप, नाही तर परीक्षेचा ताण, असे विषय जणू ठरूनच गेलेले आहेत. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्या जवळ आल्या, की माझ्या तपासणीच्या खोलीत एक निराळाच प्रश्न येतो. "डॉक्टर, मुलांना खोपोलीच्या इमॅजिकात न्यायचे म्हणतो. झेपेल ना?" कोणी बंगळुरूच्या वंडरलाचे नाव घेतो, तर कोणाचा भाऊ अमेरिकेत असल्यामुळे थेट फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचे. मुलाला झेपेल की नाही, हे त्याच्या प्रकृतीइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, त्या दिवशी तेथे रांग किती लांब असेल यावर अवलंबून असते. पाळण्यात मूल तीन मिनिटे बसते आणि त्या तीन मिनिटांसाठी कधी कधी तासभर उभे राहते. या तासाचा अंदाज आधी बांधता येतो. तो कसा बांधावा, त्यावर किती विसंबावे आणि त्याचा वैद्यकीय उपयोग काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गर्दीचा अंदाज चुकला म्हणजे काय होते, याचा धडा या व्यवसायाला पहिल्याच दिवशी मिळाला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी झाले. निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या त्या दिवशी बनावट तिकिटे घेऊन आलेल्यांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक माणसे आत शिरली. उन्हाळा कडक होता, खाद्यपदार्थ संपले, प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेचसे नळ कोरडे होते आणि ताज्या डांबरात स्त्रियांच्या बुटांच्या टाचा रुतत होत्या. बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने पाहिले, तर ऊन, गर्दी आणि पाण्याचा अभाव हे तिन्ही एकत्र आले होते. पुढे या उद्यानांनी रांगेचे शास्त्रशुद्ध मोजमाप सुरू केले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आले, मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये. ही दोन्ही आता बंद झाली आहेत. खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्र-गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीच्या यादीत लवकरच जाऊन बसले.

अमेरिकेत डिस्ने वर्ल्डला जाणाऱ्यांसाठी वर्षभराची 'गर्दीची दिनदर्शिका' तयार केली जाते. प्रत्येक तारखेपुढे १ ते १० यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे अगदी निवांत, १० म्हणजे चेंगट. आमचे काही आप्त तेथे जाण्यापूर्वी ही दिनदर्शिका पंचांगासारखी पाहतात. परंतु तो आकडा कशाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो आत गेलेल्या माणसांचा नसून मुख्य पाळण्यांपुढे किती वेळ थांबावे लागेल, याचा असतो. या दोन गोष्टी एक नव्हेत. माणसे निम्मी आली आणि उद्यानाने पाळणेही निम्मेच चालवले, तर रांग पूर्वीएवढीच राहते. कमी गर्दीच्या दिवसांत दुरुस्तीसाठी काही पाळणे बंद ठेवतात आणि दोन गाड्यांऐवजी एकच गाडी फिरवतात. म्हणून 'गर्दी नव्हती, तरी रांग होतीच' अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा तिच्यात विसंगती काहीच नसते.

रांगेचे गणित सोपे आहे आणि ते उभ्या उभ्या करता येते. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २० जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ४०० जण. तुमच्यापुढे २०० माणसे असतील, तर तुमची पाळी अर्ध्या तासाने येईल. पुढची माणसे भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसे. एवढाच हा भागाकार. रांगेतील माणसांची सरासरी संख्या, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांच्या नात्याची सिद्धता अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली आणि तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याआधी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी दूरध्वनीच्या जोडण्यांविषयी जो निबंध लिहिला, तेथून या शास्त्राचा आरंभ मानतात.

या शास्त्रातील एक निष्कर्ष मात्र प्रत्येक डॉक्टरने आपल्या बाह्यरुग्ण विभागात अनुभवलेला असतो. डॉक्टर एकच आहे, रुग्ण केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त होतो, असे धरा. डॉक्टर आपल्या क्षमतेच्या ५० टक्के व्यग्र असेल, तर दवाखान्यात सरासरी एक रुग्ण असतो. ८० टक्क्यांवर चार, ९० टक्क्यांवर नऊ आणि ९५ टक्क्यांवर एकोणीस! शेवटच्या पाच टक्क्यांनी बाकावरची माणसे दुपटीहून अधिक झाली. सोमवारी सकाळी नेहमीपेक्षा चारच रुग्ण जास्त आले, तरी जेवण दुपारी तीन वाजता का होते, याचे उत्तर येथे आहे. थीम पार्कलाही हेच लागू पडते. अगदी रिकामा दिवस शोधण्याची गरज नसते. गच्च भरलेल्या दिवसापासून थोडेसे बाजूला सरकले, तरी रांग पुष्कळ आटते. शनिवारऐवजी मंगळवार घेतला, तर त्याचा लाभ अपेक्षेपेक्षा मोठा असतो.

या लाभाचा हिशेब मुलाच्या दिवसात करून पाहावा. उद्यानात आठ तास मिळाले, त्यांतला एक तास जेवणात आणि एक तास फिरण्यात गेला. उरलेल्या सहा तासांत प्रत्येक पाळण्याला ३० मिनिटे लागली, तर बारा पाळणे होतात. ७० मिनिटे लागली, तर पाचच. त्या पाचांसाठी सहा वर्षांच्या मुलाने जवळजवळ सहा तास पायांवर उभे राहावयाचे असते. मोठ्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते. लहान मुलाच्या बाबतीत त्यापलीकडेही काही असते: वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक, घाम येण्याची क्षमता कमी आणि तहान लागली हे सांगण्याची सवय नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील रांगेत चिडचिडे झालेले मूल हट्टी आहे, असे समजून पालक रागावतात, तेव्हा बरेचदा ते नुसते तहानलेले असते.

आता हा अंदाज आपण कोठून मिळवावा? महाराष्ट्रातील उद्यानांसाठी अमेरिकेसारखी विश्वसनीय दिनदर्शिका माझ्या पाहण्यात आलेली नाही, परंतु तिच्यावाचून फारसे अडत नाही. पहिले साधन प्रत्येकाच्या भिंतीवर असते. १९७३ पासून घरोघरी टांगलेले कालनिर्णय हे गर्दीचे भाकीत सांगणारे उत्तम पुस्तक आहे. मात्र ते वाचताना आपल्या सुट्या न पाहता दुसऱ्यांच्या सुट्या पाहाव्या लागतात. दुसरे साधन तिकिटाचा दर. हे आपल्या मांद्रेकरांना समजावून सांगावे लागत नाही. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात किनाऱ्यावरील खोलीचे भाडे काय होते, हे आपण दरवर्षी पाहतो. भाडे ठरवणाऱ्याचा अंदाज चुकला, तर त्याच्याच खिशाला चाट बसते. म्हणून त्याचा अंदाज बहुधा सर्वांत काळजीपूर्वक केलेला असतो. डिस्नेने २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीप्रमाणे वेगवेगळे ठेवण्यास आरंभ केला. आपल्याकडेही सुटीच्या दिवशी वेगळा दर लावण्याची रीत आहे. महिन्याभरातील तारखांचे दर एकापुढे एक मांडले, की जेथे दर उतरतो तेथे गर्दीही उतरते, असे सामान्यतः धरावयास हरकत नाही.

तिसरे साधन गुगलच्या नकाशातील. एखाद्या स्थळावर बोट ठेवले, की कोणत्या वारी कोणत्या तासाला वर्दळ असते, याच्या लहान-मोठ्या उभ्या पट्ट्या दिसतात. २०१५ पासून ही सोय आहे आणि ती लोकांच्या मोबाइलच्या ठावठिकाण्यावरून तयार होते. तिचा उपयोग चांगला, पण एक गोम आहे. पट्टीची उंची ही त्या स्थळाच्या स्वतःच्या नेहमीच्या कमाल वर्दळीच्या तुलनेत काढलेली असते आणि तीही अलीकडील काळावरून. फेब्रुवारीत पाहिलेल्या पट्ट्यांवरून मे महिन्याची सहल ठरवणे म्हणजे हिवाळ्यातील रुग्णसंख्येवरून पावसाळ्यासाठी सलाइनच्या बाटल्या मागवण्यासारखे आहे. दिवसातला कोणता तास रिकामा, एवढेच तिच्यावरून घ्यावे.

परंतु ही तिन्ही साधने वापरताना 'गर्दी किती' या प्रश्नाच्या आधी 'गर्दी कोणाची' हा प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे. प्रत्येक गर्दीची येण्याची आणि जाण्याची वेळ वेगळी असते, तसेच तिचे आवडते पाळणेही. रविवारची गर्दी मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची. ती सकाळी उशिरा येते, लहान मुलांच्या पाळण्यांपाशी दाटते आणि उपाहारगृहात एक ते अडीच या वेळात एकदम कोसळते. महाविद्यालयीन तरुणांची गर्दी रोलर कोस्टरपाशी. तिचा पाच वर्षांच्या मुलाच्या पालकांना काहीच उपद्रव नाही. दिवाळीची गर्दी दोन टप्प्यांची असते. लक्ष्मीपूजनाला मराठी माणूस घरी असतो, भाऊबीज झाली की बाहेर पडतो. आणि त्याच सुमारास गुजरातची दिवाळीची सुटी ऐन भरात असते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या किनाऱ्यावर जी गुजराती ऐकू येते, तीच लोणावळा-खोपोलीतही ऐकू येते, यात नवल नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा काळ. त्या दिवसांत आठवड्यातले कामाचे वारही, जे एरवी रिकामे असावयाचे, पिवळ्या बसगाड्यांनी भरून जातात. 'मधला वार म्हणजे गर्दी नाही' हा सरसकट नियम येथे फसतो.

गोव्यातील कुटुंबांना यात एक नैसर्गिक सवलत आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. आपल्या काही सुट्या महाराष्ट्रात नसतात. ३ डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन या दिवशी आपल्या शाळा बंद असतात, पुण्या-मुंबईच्या चालू. चवथीची सुटीही आपल्याकडे अधिक लांब. अर्थात चवथीला घर सोडून पाळण्यात बसायला जाणारा गोंयकार अजून जन्माला यायचा आहे, हे मान्य! पण दीड दिवसाचा गणपती पोचवून झाल्यावर उरलेल्या दिवसांचे काय, असा प्रश्न मला एका पालकाने विचारला होता. उद्यान त्या दिवसांत खरोखरच रिकामे असू शकते. अडचण रस्त्याची असते. गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, की कोकणातले चाकरमानी मुंबईकडे परत निघतात आणि आपल्यालाही त्याच दिशेने जावयाचे असते. उद्यानाचा अंदाज अनुकूल आणि कोकण रेल्वेचा प्रतिकूल, अशी ही स्थिती. सहलीचे दोन अंदाज असतात, वाटेचा आणि मुक्कामाचा. दोन्ही पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने का सांगत आहे, हे एका रुग्णाच्या निमित्ताने स्पष्ट करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्याच पंचक्रोशीतील नऊ वर्षांची एक मुलगी, वजन २८ किलो, दोन वर्षांपासून प्रकार १ चा मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. वर्गातील मैत्रिणी थीम पार्क पाहून आल्या आणि तिनेही आईवडिलांकडे हट्ट धरला. घरात एकमत नव्हते. आजीचे म्हणणे, 'पोरीला असे असताना कशाला नसती उठाठेव?' शाळेच्या सहलीला तिला आधीच दोनदा घरी ठेवण्यात आले होते. अशा मुलांच्या वाट्याला येणारे हे 'नको' मला नेहमी आजाराइतकेच जड वाटत आले आहे. मुलीच्या साखरेचे नियंत्रण चांगले होते. तिला न पाठवण्यास वैद्यकीय कारण नव्हते. होता तो केवळ अनिश्चिततेचा प्रश्न. मधुमेही मुलाला चालण्याचा, उभे राहण्याचा त्रास नसतो. जेवण केव्हा मिळेल हे ठाऊक नसणे, हाच खरा धोका. म्हणून तिच्या बाबतीत गर्दीचा अंदाज ही हौसेची बाब नव्हती, तो उपचाराचा भाग होता.

वडील किनाऱ्यावरील एका हॉटेलात कामाला. मोसमात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, त्यांना रजा मिळत नाही. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांची हीच गत आहे: जग फिरायला निघते, तेव्हा ती कामावर असतात. राहिला पावसाळा. जून-जुलैत पावसाच्या सरींनी उघड्यावरचे पाळणे वारंवार थांबतात. ऑगस्टच्या शेवटी चवथ आणि परतीची गर्दी. २०२५ चा पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर होता. या पंधरवड्यात कार्ये नसतात, मराठी घरांतून हौसेची खरेदी आणि प्रवासही लोक टाळतात, शाळांतून सहामाही परीक्षांचे वारे वाहू लागलेले असतात आणि चाकरमान्यांचा ओघ ओसरलेला असतो. आजीने पितृपक्षाला हरकत घेतली, ती आजोबांनी मोडून काढली. त्या पंधरवड्यातील मधला वार ठरला. वडिलांनी आधी दूरध्वनी करून उद्यान त्या दिवशी चालू असल्याची आणि कोणते पाळणे दुरुस्तीत आहेत याची चौकशी केली. हा फोन कोणीही चुकवू नये. रेल्वेने आदल्या दिवशी पनवेल आणि तेथून मोटारीने खोपोली, रात्री मुक्काम. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या दारात आला आहे, पण चौघांच्या विमानभाड्यात त्यांची सबंध सहल होत होती. रात्रीच्या बसने जाऊन सकाळी थेट उद्यानात शिरण्याचा बेत मी मोडला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तासांची झोप हवी. जागरणाने मिळवलेला सकाळचा तास दुपारी व्याजासह जातो.

आता प्रत्यक्ष काय घडले, ते पाहा. गर्दीचा अंदाज बरोबर ठरला. सकाळी उघडताक्षणी आत गेल्यामुळे पहिल्या दीड तासात त्यांचे पाच पाळणे झाले. साडेअकराला पाऊस आला. उघड्यावरचे पाळणे थांबले आणि सबंध उद्यानातली माणसे एकाच वेळी छपराखाली, म्हणजे उपाहारगृहाकडे वळली. रिकाम्या दिवशी, केवळ पावसामुळे, जेवणाच्या रांगेत चाळीस मिनिटे गेली. घरी आणि शाळेत तिचे इन्सुलिन बाराच्या ठोक्याला ठरलेले. घड्याळाप्रमाणे ते दिले असते, तर जलद क्रिया करणारे औषध शरीरात आणि मूल रिकाम्या पोटी रांगेत, अशी अवस्था झाली असती. त्यांना लिहून दिलेला नियम असा होता: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. आईने तो पाळला. रांगेत साखर ९२ होती, सकाळचे चालणे लक्षात घेऊन दोन बिस्किटे दिली, ताट आले आणि मग इन्सुलिन टोचले.

सायंकाळी पाचला, एका लांब रांगेच्या मध्यावर, मुलीने "आई, पाय लुटलुटतात" असे सांगितले. तपासले, तर साखर ६४. ७० च्या खाली उपचार करावयाचा, हे ठरलेले. मोठ्या माणसासाठी आपण १५ ग्रॅम ग्लुकोज सांगतो. मुलांत वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे ०.३ ग्रॅम पुरते, म्हणजे हिला आठ-नऊ ग्रॅम, दोन लहान चमचे. ते आईच्या कमरेच्या पिशवीत होते, सामानघरात ठेवलेल्या बॅगेत नव्हते. पंधरा मिनिटांनी साखर ८८ झाली. रांग सोडावी लागली नाही आणि तिची पाळी आली, तेव्हा ती बसली. दिवसभर चालल्यानंतर साखर रात्री उशिराही उतरू शकते. म्हणून झोपताना थोडे अधिक खाणे दिले आणि मध्यरात्रीनंतर दोनला पुन्हा तपासले. ती १२१ होती.

सहकारी मित्रांसाठी या प्रकरणातील काही गोष्टी नोंदवतो. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. ग्लुकोज, बिस्किटे, इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटर बरोबर ठेवणे आवश्यक असल्याचे पत्र आपल्या नाममुद्रित कागदावर द्यावे. दोन ओळी पुरतात आणि प्रवेशद्वारावरील वाद वाचतो. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, तसेच बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दमा असलेल्या मुलाचा पंप आणि स्पेसर पालकाच्या हातात असावा. अपस्मार किंवा जन्मजात हृदयविकार असेल, तर वेगवान पाळण्यांविषयीचा निर्णय त्या त्या तज्ज्ञाला विचारूनच घ्यावा, तेथे रांगेच्या गणिताचा संबंध नाही. निरोगी मुलांच्या पालकांना आणखी एक सांगावे: निघण्यापूर्वी घरी भिंतीशी उभे करून मुलाची उंची मोजा. सात वर्षांचे मूल सरासरी १२० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मोठ्या पाळण्यांची उंचीची अट बहुधा त्याहून अधिक असते. तासभर रांगेत उभे राहून दाराशी पट्टी लावल्यावर परत फिरलेल्या मुलाचे रडणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यावर अधिक सांगावे लागणार नाही.

रांगेतल्या वेळेविषयी डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि किती थांबायचे हे ठाऊक नसले तर आणखीनच लांब, हे त्यातले मुख्य सूत्र. वर सांगितलेला भागाकार मुलालाच करायला लावावा. "पुढे किती माणसे? एका गाडीत किती जातात?" चौथीच्या मुलाला हे जमते, वेळही जातो आणि 'अजून किती' हा प्रश्न तो आपल्याला विचारण्याऐवजी स्वतः सोडवत बसतो.

एक गोष्ट थीम पार्कच्या बाहेरची, पण याच विषयातली. उद्यानाच्या दाराशी माणसे मोजली जातात, कठडे असतात आणि मर्यादा गाठली की दार बंद करता येते. तेथील गर्दी बहुधा फक्त थकवते. जत्रेला दार नसते. ३ मे २०२५ च्या पहाटे आपल्या डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले आणि कितीतरी जण जखमी झाले. त्याआधी २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीला झालेली दुर्घटना अनेकांना आठवत असेल. गर्दीच्या अभ्यासकांच्या मते एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली, की माणसाच्या हालचाली त्याच्या स्वतःच्या राहत नाहीत. समूह पाण्यासारखा हेलकावे घेतो. ज्याची छाती मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर आहे, अशा मुलाला तेथे श्वासालाही जागा नसते. जत्रेचा अंदाज तर कोणत्याही दिनदर्शिकेवाचून बांधता येतो, कारण तिथी ठरलेली, मुख्य विधीची वेळ ठरलेली आणि वाट तीच. देवीचे दर्शन मुलांना अवश्य घडवावे. परंतु धोंडांच्या अग्निदिव्याच्या वेळी, उतारावर, कडेवर मूल घेऊन उभे राहू नये. पेडण्याच्या पुनवेलाही लहान मुलांना सायंकाळी लवकर नेऊन आणावे, असे मी माझ्या रुग्णांच्या पालकांना सांगत असतो.

पुन्हा सहलीकडे वळू. ज्यांना डिसेंबरातील आपल्या सुट्यांचा लाभ घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी एक उदाहरण मांडतो. २०२६ मध्ये ३ डिसेंबर गुरुवारी येतो आणि १९ डिसेंबर शनिवारी. शनिवारी महाराष्ट्रातील कुटुंबेही बाहेर पडतात. त्यामुळे १९ तारखेचा फायदा त्या वर्षी नाहीसाच होतो. गुरुवार त्या मानाने चांगला. बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर निघावे, गुरुवारी उद्यान पाहावे, शुक्रवारी परत यावे. शाळेचा एकच दिवस बुडतो. मात्र हा शाळांच्या सहलींचा मोसम आहे. त्या मुलांना रात्रीपूर्वी आपापल्या गावी पोचावयाचे असते, म्हणून त्यांच्या बसगाड्या चारच्या सुमारास परतीला लागतात. तेव्हा येथे उन्हाळ्यातला नियम उलटा करावा. उघडल्यावरचा पहिला तास अर्थातच मोठ्या पाळण्यांना द्यावा; शाळांच्या बसगाड्या येऊन थडकल्या, की तेथून बाजूला व्हावे, साडेअकरालाच जेवून घ्यावे, दुपारी छपराखालचे खेळ पाहावेत, लहानग्यांना तासभर झोपू द्यावे आणि चारनंतर पुन्हा रांगेकडे वळावे. डिसेंबरात उन्हाचा तापही तेवढ्यात उतरलेला असतो. परतीच्या गाडीचे आरक्षण तेवढे उद्यानाच्या तिकिटाआधी करावे, कारण फेस्ताला घरी आलेले मुंबईकर गोंयकार त्याच सुमारास परत निघालेले असतात.